फादर गावात नाहीत

“जोजफा, तुझ्याकडे मी घर मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. तीस वर्षं एकच काम सांगत आले. आणि तुला नेमका हाच आठवडा सापडला? पुढे अख्खा उपवासकाळ पडलाय. चाळीस दिवस कोणी नाचत नाही, वाजवत नाही. तेव्हा ने की मला.”

हे मी ऐकलं तेव्हा मी बयच्या खाटेखाली होते. म्हणजे निम्मी. लग्नकार्याची मोठी पातेली आमच्या घरात बयच्या खाटेखालीच असत, आणि सगळ्यात मोठं पातेलं अर्थातच पार भिंतीला टेकून. त्याचा कान धरून मी ओढत होते आणि माझ्या डोक्यावर, एका गोधडीच्या अंतरावर, माझी सासू भिंतीवरच्या संत जोजफाला झापत होती.

संत जोजफ म्हणजे चांगल्या मरणाचा कैवारी. तो गेला तेव्हा एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला मारिया बसली होती, असं आमच्याकडे मानतात. “याच्याहून बरं मरण कोणाला आलंय?” असं बय म्हणायची, एखाद्याच्या मुलीला चांगलं स्थळ मिळाल्यावर आपण म्हणतो ना, त्या सुरात. रोज रोजरीची माळ जपून झाली की ती जोजफापुढे हात जोडून स्वतःच्या मरणाचा अर्ज द्यायची आणि त्याच दमात मला विचारायची, “आज बोंबील आणलेस का?”

“कोणाशी बोलतेस गो बय?” मी खालून विचारलं.

“जोजफाशी. तू खाली काय करतेस?”

“पातेलं काढते.”

“मग ऐकलंस तू.”

“नाही.”

“बरं, नाही ऐकलंस. मग आता ऐक. पण बाहेर येऊन ऐक, तुझ्या टाचांशी काय बोलू?”

मी केसांतली जळमटं काढत बाहेर आले. बय तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा, म्हणून चार रात्री ती बसूनच झोपत होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते. चेहरा मात्र चोरून भजी खाल्लेल्या पोरीसारखा.

“फादरला सांग, येऊन जा म्हणावं. सगळं घेऊन.”

सगळं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पापनिवेदन, कम्युनियनचा पवित्र पाव आणि कपाळाला लावायचं तेल.

“अगं, डॉक्टर म्हणाले थोडा अशक्तपणा आहे...”

“डॉक्टर तुला आणि इनासला ओट्यावर काय म्हणाले ते मला नको सांगूस. माझे डोळे गेलेत. कान अजून तरणे आहेत.”

“सांगते,” मी म्हटलं.

तो गुरुवार होता. माझा धाकटा दीर रोमन याचं लग्न रविवारी होतं आणि त्याच्या पुढच्या बुधवारी राखेचा बुधवार. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. नवरी ग्लोरिया मस्कतला नर्स होती, तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली, पुढची रजा एक वर्षानं. आणि रोमन अडतीस वर्षांचा. त्याची आधी दोनदा ठरून मोडली होती. एक मुलगी साखरपुड्यानंतर सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली. दुसरीच्या घरी ऐन वेळी तिचा बाप वारला, वर्षाचा दुखवटा धरला, आणि वर्ष संपेपर्यंत ती कॅनडाला पोहोचली. तेव्हापासून रोमन लग्नपत्रिका हातात घेतानाही टोकाला धरायचा.

म्हणून डॉक्टरांनी सोमवारी ओट्यावर, चपला घालता घालता जे सांगितलं होतं, ते इनासनं, माझ्या नवऱ्यानं, घरात येऊन वेगळ्या शब्दांत सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, “हृदय थकलंय. आत पाणी भरतंय. आठ दिवस, कदाचित दहा. कदाचित तेवढेही नाहीत.” इनास म्हणाला, “अशक्तपणा आहे.”

आम्ही सगळ्यांनी तो शब्द लगेच उचलला. सोपा होता, जीभ अडत नव्हती. माझी थोरली नणंद एवजीन लग्नासाठी आठ दिवस आधीच माहेरी येऊन राहिली होती. तिनं तर त्या शब्दावर उपचारही सुरू केले. अशक्तपणाला पायाचं सूप, अशक्तपणाला खजूर.

आता तुम्ही म्हणाल, फादरला बोलावण्यात एवढं काय आहे? आमच्या आळीत येऊन पाहा. वसईच्या वाड्यांमधली आळी म्हणजे समोरासमोर ओटे. फादर नुसते आले तर बाया म्हणतात, फादर, चहा घेऊन जा. पण त्यांच्या गळ्यात ती पवित्र कम्युनियनची छोटी पिशवी असली की सगळी आळी गप्प होते. उभे असलेले थांबतात, बसलेले उठतात, म्हाताऱ्या ओट्यावरच गुडघे टेकतात, आणि मग सगळ्यांचे डोळे फादर कोणत्या दारात शिरतात तिकडे. आणि तेलाचं तर काही बोलूच नका. फादर दर वर्षी प्रवचनात ओरडून सांगायचे की तेल आजाऱ्यासाठी असतं, मरणाऱ्यासाठीच नव्हे. आम्ही मान हलवायचो, आणि घरी येऊन म्हणायचो की तेल लागलं म्हणजे संपलं. फादर आमच्या दारात शिरले असते तर ते अर्ध्या तासात नवरीच्या आईच्या, सेराफिनबाईंच्या कानावर गेलं असतं. सेराफिनबाईंनी बोलणी झाली तेव्हाच हसत हसत सांगून ठेवलं होतं, “आमची एकुलती एक आहे. दुखणं असलेल्या घरात ढोल वाजवत नाही आम्ही देत मुलगी. वर्षभर थांबू, पण नीट करू.”

रोमनचं लग्न त्या रविवारीच झालं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही त्याची काळजी करत बसाल. त्याच्या दोन मुली आता माझ्याहून उंच आहेत. ही गोष्ट त्याच्या लग्नाची नाही.

पातेलं घेऊन मी स्वयंपाकघरात आले. एवजीनताई वाल सोलत होती, इनास विड्यांसाठी आणलेली पानं पुसत होता.

“बय फादरला बोलवायला सांगतेय,” मी म्हटलं.

दोघांचेही हात थांबले नाहीत. उलट जरा जोरात चालायला लागले.

“कशाला?” एवजीनताई म्हणाली.

“कशाला म्हणजे?”

“तिला सवय आहे. दर पंधरवड्याला जायचीच ना पापं सांगायला. गेला शनिवार चुकला म्हणून आठवण झाली असेल.”

“सगळं घेऊन या म्हणतेय.”

इनास एका पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, “सोमवारी बोलावू. लग्न झालं की लगेच सोमवारी. मी स्वतः जाईन.”

“आणि सोमवारपर्यंत...” मी म्हटलं.

तिथे वाक्य संपलं. 

“अगं, तिचे नऊ शुक्रवार झालेत की,” एवजीनताई म्हणाली. “एकदा नाही, अकरा वेळा.”

आणि मला हे सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला हलकं वाटलं. लागोपाठ नऊ महिने पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकून कम्युनियन घेतली तर माणसाला संस्काराशिवाय मरण येत नाही, असं येशूनं एका संतिणीला वचन दिलं आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बयनं ते व्रत अकरा वेळा पुरं केलं होतं. का, तर मोजण्यात एखाद्या खेपेला चूक झाली असली तर! म्हणजे देवानं शब्द दिलाच आहे, तर देव बघून घेईल. आपण कशाला मध्ये? तिनं आयुष्यभर पावसाचिखलातून अनवाणी जाऊन जे मिळवलं होतं, त्याचा आम्ही तिघांनी वाल सोलता सोलता आमच्यासाठी आडोसा केला.

तरी मी चर्चमध्ये गेले. जायचंच होतं, लग्नाच्या मिस्सेतलं वाचन मला करायचं होतं आणि ते पुस्तक आणायचं होतं. मी सातवी शिकलेली. पण चर्चच्या वाचनालयातली दोन कपाटं मी मुलांना झोपवता झोपवता वाचून संपवली होती, आणि वेदीजवळच्या त्या उंच स्टँडपुढे उभं राहून वाचायला मिळणं ही माझी मोठी मिरवायची गोष्ट होती. वाटेत मी ठरवलं होतं की सांगायचं. खरंच ठरवलं होतं. बँडवाल्यांच्या दारावरून जाताना ठरवलं होतं आणि विहिरीपाशीही ते ठरलेलंच होतं.

फादर बाजील शिडीवर चढून बल्ब बदलत होते. धिप्पाड माणूस, शिडी खाली कुरकुरत होती.

“रेजीन, शिडी धर गं. मी पडलो तर रविवारी लग्न कोण लावणार?”

मी शिडी धरली.

“मातीलबाई गेल्या रविवारी दिसल्या नाहीत,” ते वरूनच बयबद्दल म्हणाले. “पहिल्या बाकावर त्यांची जागा रिकामी होती. मला प्रवचनात कोणाकडे बघावं कळेना. चुकलो की त्याच मान हलवतात.”

“लग्नाची गडबड, फादर. पाय जरा सुजलेत.”

“बऱ्या आहेत ना?”

“बरी आहे.”

“उद्या पहिला शुक्रवार. तुमच्या आळीत कैतानबाबांना कम्युनियन द्यायला येतोच आहे. त्यांच्याकडेही डोकावू का?”

मला काही करायचं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. ते स्वतःच येत होते, स्वतःच विचारत होते. देवानं शब्द पाळायला माझ्यापुढे शिडीसुद्धा आणून लावली होती. आणि मला दिसल्या त्या गुडघे टेकलेल्या बाया, आमच्या दाराकडे वळलेले डोळे, आणि रोमन.

“नको फादर,” मी म्हटलं. “रविवारी भेटेलच की ती.”

घरी आले तर बय दाराकडे तोंड करून बसलेली. एवजीनताईनं तिचे केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. तो बयनंच मागून घेतला असणार, पाहुणा यायचा म्हणून.

“काय म्हणाले?”

“फादर गावात नाहीत,” मी म्हटलं. “पाद्र्यांची कसलीतरी सभा आहे. सोमवारी येणार.”

इतकं सरळ, इतकं न अडखळता मी ते बोलले की मलाच नवल वाटलं. चर्चमध्ये वाचन करून करून माझा आवाज छान तयार झाला होता.

“बघ बाई,” बय म्हणाली. “एरवी रस्त्यात आडवे येतात. जाऊ दे, त्यांनाही सुट्टी हवीच.” मग थोडा दम खाऊन म्हणाली, “तुझ्याकडे वही आहे ना?”

“कशाला?”

“माझी पापं लिहून ठेव. सोमवारपर्यंत विसरेन. हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही.”

“अगं, ती फादरलाच सांगायची असतात. मी कशी ऐकू?”

“तू ऐकू नको. नुसती लिही.”

मुलांच्या जुन्या वहीतलं कोरं पान काढून मी खाटेच्या कडेला बसले. बय डोळे मिटून सांगायला लागली.

“पत्त्यांत लबाडी.”

“किती वेळा?”

“खेळले तेवढ्या वेळा. सुसानच्या मोगऱ्यावर जळले.”

“तिचा मोगरा तुझ्याहून चांगला होता?”

“नव्हता गो. म्हणून तर पाप. चांगला असता तर जळण्यात काहीतरी अर्थ होता.” ती हसली आणि हसण्यानं तिला धाप लागली. मी पाठ चोळली. “इनासला एकदा फुकट मारलं. लोणच्याची बरणी एवजीननं फोडली होती.”

“इनासला माहीत आहे?”

“त्याला अजून वाटतं, त्यानंच फोडली.”

मी लिहीत होते आणि मला हसू येत होतं. तेही सांगायला हवं. बयजवळ बसलं की हसू यायचंच. सुसानमावशी एकदा मरणाच्या भीतीनं रडत तिच्याकडे आली होती, तर बय तिला म्हणाली होती, “अगं, बापाच्या घरी जायचंय, कोर्टात नाही.” लोकांच्या मयताला जाऊन ती गाणाऱ्यांना दटावायची की रडकं गाऊ नका, आत झोपलेल्याला वाटेल आपण चुकीच्या गावी चाललोय.

“लिही. सुनेला पहिली दोन वर्षं टोचून बोलले.”

माझं पेन थांबलं.

“हे नको, बय. ते कधीच विसरले मी.”

“तू विसरलीस ते तुझं पुण्य. पाप माझं आहे, तू त्यातलं गाळायचं नाहीस. दोन वर्षं लिही. तीन लिही हवं तर.”

मी दोन लिहिलं.

“बय, तुला भीती नाही वाटत?”

“कसली? तिथे सगळी ओळखीचीच माणसं. माझी आई आहे, सासरे आहेत, माझा पहिला मुलगा आहे, सात दिवसांचा होऊन गेलेला. त्याला बघायचंय मला, किती मोठा झाला.” ती थांबली. “भीती नाही गो. पण लग्नाच्या घरी जाताना आपण वाडीतून उठून मातीच्या पायांनी जातो का? पाय धुऊन जातो. तेवढंच. त्यासाठी फादर हवेत.”

मी वहीत बघत राहिले.

“तुझं एखादं आहे का?” बयनं डोळे न उघडताच विचारलं. “पान शिल्लक आहे.”

“नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अंगणात मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं. चारच्या सुमाराला ते ठोकणं एकदम बंद पडलं. मी बयला चमच्यानं पेज भरवत होते. बाहेरची बोलणीही थांबली. मग स्कूटरचा आवाज आला, हळू, आळीत शिरताना फादर नेहमी हळू करायचे तसा. मी उठून खिडकी लावली.

“उकडतंय, कशाला लावतेस?”

“धूळ येते.”

स्कूटर आमच्या दारावरून गेली. दोन घरं सोडून, कैतानबाबांच्या दारात थांबली.

“कोणाची गो स्कूटर?”

“पाववाल्याची.”

पाववाला गेली वीस वर्षं सायकलवरून यायचा, भोंगा वाजवत, सकाळी सहाला.

“पाववाल्यानं स्कूटर घेतली?”

“घेतली.”

“चांगलं झालं,” बय म्हणाली. “पाय दुखत असतील बिचाऱ्याचे.”

मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं, गिळलं. दहा मिनिटांनी स्कूटर पुन्हा सुरू झाली, आमच्या दारावरून परत गेली, आणि अंगणात बांबूंची ठोकाठोक पुन्हा चालू झाली.

“कैतानकडे देऊन गेला का पाव?”

“हो.”

“बरं झालं. त्याला भूक असेल.”

मग तिनं वाटी हातानं बाजूला केली आणि भिंतीकडे तोंड वळवलं. ती रागावली नाही. मी वाट बघत होते की रागावेल. पहिल्या दोन वर्षांसारखं काहीतरी बोचरं बोलेल, म्हणजे मलाही उलट बोलता येईल. ती त्या संध्याकाळी कोणाशीच बोलली नाही. जोजफाशीसुद्धा नाही. रोजरी आम्ही तिच्याभोवती बसून म्हटली आणि तिचे ओठ हलत होते की नाही ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन मी इनासला म्हटलं, “तिला कळलंय.”

“काय?”

“फादर येऊन गेले ते.”

त्यानं हातातली सुतळी उगाच पुन्हा गुंडाळली. “आता दोनच दिवस,” तो म्हणाला. रोमन पायरीवर बसून लग्नाचे बूट पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही. चार दिवस तो माझ्याशी माझ्या खांद्याकडे बघून बोलत होता. आठवड्यात तो बयच्या खोलीत जितक्या वेळा गेला, तितक्या वेळा काहीतरी शोधायला गेला. कात्री, दोरा, टॉर्च. मिनिटभर उभा राहायचा आणि रिकाम्या हातानं बाहेर यायचा.

शनिवारी सकाळी बयचे ओठ निळसर दिसत होते. एवजीनताईनं तिच्या तोंडाला पावडर लावली. गालांवर थोडं कुंकू बोटानं पुसून लावलं, लाली म्हणून. नवं लाल लुगडं नेसवलं, उशा आणखी उंच केल्या, आणि मागे होऊन बघितलं. बघता बघता तिचाच चेहरा वाकडा झाला, पण ती म्हणाली, “छान दिसतेस बय.”

“हो,” बय म्हणाली. एकेक शब्द आता वेगळा येत होता. “नाटकात. काम करायचंय. वाटतं.”

दहाला रोमन चर्चमध्ये गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं आणि नवरीनं पापनिवेदन करायचं असतं, म्हणून. तो बाहेर पडला आणि इकडे सेराफिनबाई आल्या, दोन बहिणींना घेऊन, मानाचं ताट घेऊन. अंगणात न बसता सरळ आत आल्या, विहिणीला भेटायला.

“कशा आहात?” त्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसल्या. बयनं हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

“जरा उतरल्यात,” सेराफिनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे पावडरवरून फिरले, मग सुजलेल्या पायांवर गेले. मी पायांवर चादर ओढली.

“दगदग हो लग्नाची,” एवजीनताई म्हणाली. बय पाच दिवसांत खाटेवरून उठली नव्हती.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“अशक्तपणा,” इनास म्हणाला.

“अशक्तपणा,” मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर सामसूम झाली. मांडवातली हसणी, पातेल्यांचा आवाज, वड्यांचं पीठ मळणाऱ्या बायकांची गाणी, सगळं एका वेळी थांबलं. स्कूटर आली. या वेळी ती पुढे गेली नाही.

मी दारातून बघितलं. बायका पिठाच्या हातांनी गुडघ्यांवर उतरल्या होत्या. फादर बाजील स्कूटर उभी करत होते, गळ्यात ती छोटी पिशवी. त्यांच्या मागून रोमन उतरला. मागच्या सीटवर बसून आला होता, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आत आला तो थेट खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, आणि पहिल्यांदाच काही न शोधता उभा राहिला.

“रोमन म्हणाला, आईला भेटायला चला,” फादर म्हणाले. मग त्यांनी बयकडे पाहिलं. खाटेजवळ वाकले, तिची नाडी धरल्यासारखं मनगट धरलं. 

“मातीलबाई, हे कधीपासून? मला कोणी सांगितलं कसं नाही?”

ते हे बयला विचारत होते, पण विचारता विचारता त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. शिडी धरणाऱ्या बाईकडे बघावं तसं, विश्वासानंच अजून. सेराफिनबाईही माझ्याकडे बघत होत्या. इनास खिडकीच्या गजांकडे.

“तिला. नका विचारू,” बय म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता, तरी तिनं हात वर करून मला झाकल्यासारखं केलं. “मीच. सांगितलं होतं. फादरला. बोलवू नको म्हणून. लग्न होऊ दे. म्हटलं. मीच.”

मी आयुष्यात खूप गोष्टी वाचल्या, पण असं वाक्य कुठे वाचलं नव्हतं. जिला फक्त पाय धुऊन जायचं होतं, तिनं दारात पोहोचल्यावर माझा चिखल स्वतःच्या पायाला लावून घेतला होता. आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला होता, चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा, खूश.

“बरं, बरं,” फादर म्हणाले. त्यांनी पिशवी उघडली, गळ्याभोवती जांभळी पट्टी घातली. “आता तुम्ही सगळे जरा बाहेर व्हा. त्यांना पापनिवेदन करायचंय.”

सगळे वळले. सेराफिनबाई उठल्या, बहिणी उठल्या. एवजीनताईनं डोळ्यांना पदर लावला आणि तसाच ठेवला. इनास माझ्या कोपराला धरून मला दाराकडे नेऊ लागला, हळूच, घाईनं. उंबऱ्यापर्यंत मी गेले. तिथून पुढे पाय पडेना. अजून एक पाऊल, आणि ते खोटं बयच्या नावावर राहून जाणार होतं. मांडवात सगळे म्हणणार होते की म्हातारीनं लेकासाठी केवढं केलं, आणि मी मान हलवणार होते.

“फादर, बय खोटं सांगतेय,” मी म्हटलं.

“रेजीन,” इनास म्हणाला.

“तिनं मला गुरुवारी सांगितलं होतं, फादरला बोलव म्हणून. मी तुमच्यापुढे उभी राहून बरी आहे म्हटलं, आणि तिला येऊन सांगितलं की फादर गावात नाहीत. काल तुम्ही आमच्या दारावरून गेलात ते तिनं ऐकलं. मी तेव्हाही खोटं बोलले.” सेराफिनबाई दारातच होत्या. माझा तो तयार झालेला आवाज आता कुठे गेला होता कोण जाणे. शब्द ओढून काढावे लागत होते. “बय मरतेय. सोमवारपासून आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती जाऊ नये असं आम्हाला वाटत नव्हतं, फादर. रविवारच्या आत जाऊ नये, एवढंच वाटत होतं.”